फट बुजली, बंपर उरला

लाकडी कॉटच्या चारही कडांना आतून बंदांनी बांधलेली, कापूस किंवा फोम भरलेली लांब पट्टी म्हणजे बंपर. हत्ती, ढग, चांदण्या छापलेली ही पट्टी चादर-उशी-लोडाच्या संचात येते आणि बारशाला हमखास कोणीतरी आणतं. बाळाचं डोकं गजांवर आपटू नये म्हणून ती असते, असं दुकानदार सांगतो. तिची कुळकथा मात्र वेगळं सांगते.

अमेरिकेत १९७३ पर्यंत कॉटच्या दोन गजांमध्ये किती अंतर असावं, याला सरकारी बंधन नव्हतं. फटी चांगल्या रुंद असत. तान्ह्या बाळाचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं. त्यामुळे बाळ सरकत गेलं की आधी पाय बाहेर, मग कंबर, मग छाती, आणि शेवटी डोकं अडकून ते मानेवर लोंबकळायचं. अशी मुलं दगावली. अखेर ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी नुकत्याच स्थापन झालेल्या केंद्रीय आयोगाने १९७३ मध्ये फटीची कमाल मर्यादा सव्वादोन इंचांहून किंचित जास्त, म्हणजे जेमतेम ६ सेंटिमीटर ठरवून दिली. जुनी कॉट विकत घेणाऱ्यांना तिथे आजही एक सोपी परीक्षा सांगतात: शीतपेयाचा डबा गजांमधून आरपार गेला, तर ती कॉट नको.

तोवर फट झाकण्याचं काम बंपरकडे होतं. गज जवळ आले आणि ते काम संपलं. बंपर मात्र माळ्यावर गेला नाही. बाळाच्या खोलीच्या सजावटीत त्याला कायमची जागा मिळाली, आणि ‘डोकं आपटू नये’ हे कारण पुढे आलं.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ ब्रॅडली थॅक यांनी हे कारण तपासून पाहिलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८५ ते २००५ मधल्या नोंदी चाळल्या आणि २००७ साली निष्कर्ष छापले. बंपरमुळे २७ बाळं गेली होती: कोणाचं नाक-तोंड पट्टीत दबलं, कोणी पट्टी आणि गादीच्या बेचक्यात अडकलं, कोणाच्या मानेला बंदाचा फास बसला. काही महिन्यांच्या बाळाला तोंड फिरवून घेण्याची ताकद नसते. मऊ कापडाला नाक टेकलं की ते स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेत राहतं.

वीस वर्षांत सत्तावीस, हा आकडा लहान वाटेल. ‘आमची दोन्ही मुलं त्यातच वाढली’ म्हणणारी आजी खोटं बोलत नसते. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही बघायला हवं. बंपर नसेल तर डोक्याला टेंगूळ येईल, हातपाय गजांत अडकून बाळ रडेल, फार तर खरचटेल. एवढंच. माझ्या मते प्रश्न इथेच निकालात निघतो.

कायद्याला वेळ लागला. शिकागो शहराने २०११ मध्ये विक्री थांबवली, त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने बंपर नकोच म्हटलं. मेरीलँड राज्याची बंदी २०१३ ची. देशभर बंदी आली ती २०२२ च्या नोव्हेंबरात. फट बुजून तोपर्यंत एकोणपन्नास वर्षं झाली होती! आपल्याकडे ऑनलाइन दुकानांत बंपर आजही राजरोस मिळतो.

त्याच नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणखी एक इशारा दिला: बाळाच्या डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका, गुदमरण्याचा धोका आहे. इथे आपले कान टवकारायला हवेत, कारण मोहरीची उशी आपल्या घरातली. मोहरीचे दाणे डोक्याच्या भाराने सरकतात आणि खळगा होतो, हाच तिचा गुण सांगितला जातो. पण थॅक आणि त्यांचे सहकारी जेम्स केम्प यांनी १९९१ मध्ये थर्मोकोलचे मणी भरलेल्या उशांवर पालथ्या झोपलेल्या बाळांचे मृत्यू अभ्यासले, तेव्हा घात त्याच गुणाने केला होता. मणी सरकून चेहऱ्याभोवती खळगा झाला होता आणि उच्छ्वास त्यातच कोंडला होता. मोहरीच्या उशीवर बाळ उताणं ठेवतात, हे खरं. पण ते कुशीवर वळलं, तर दाणे त्याच्या नाकाजवळ असतात.

उशीमागची काळजी खोटी नाही. उताणं झोपवणं सर्वांत सुरक्षित, हा सल्ला १९९० च्या दशकात रुजला आणि चपट्या डोक्यांच्या तक्रारी वाढल्या. त्यावर डॉक्टर सांगतात तो उपाय फुकटातला आहे: बाळ जागं असताना, मोठं माणूस समोर असताना त्याला थोडा थोडा वेळ पालथं ठेवायचं, आणि झोपवताना डोकं आज या बाजूला, तर उद्या त्या बाजूला वळवायचं.