कृत्रिम मूत्रपिंड आले; पण कोणासाठी?

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. तेथील कांपेन या छोट्या गावातल्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी १९४३ साली रक्त शुद्ध करणारे यंत्र उभे केले. लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर सेलोफेनची लांब नळी गुंडाळलेली असे आणि ते पिंप क्षारांच्या द्रावणात अर्धे बुडून फिरत राही. नळीतल्या रक्तामधील युरिया पातळ पडद्यातून द्रावणात उतरे. रक्तपेशी व प्रथिने आतच राहत. आपण वर्गात शिकवतो ते विसरण हेच! पहिले जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक वृद्धा वाचली.

मात्र मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडलेल्यांनाच या यंत्राचा उपयोग होई. कारण दर वेळी नव्या जागी रक्तवाहिनी कापावी लागे आणि लवकरच जागा संपत. १९६० साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील धमनी व शीर यांना जोडणारी टेफ्लॉनची नळी बसवली. ती तशीच ठेवता येई. आता मूत्रपिंडे कायमची निकामी झालेला माणूसही वर्षानुवर्षे जगू शकणार होता.

येथेच नवा प्रश्न उभा राहिला. रुग्ण अनेक, यंत्रे मोजकी. निवडीसाठी तेथे नागरिकांची समिती नेमली गेली. मिळकत, कुटुंब, समाजातले स्थान पाहून ती निर्णय देई. १९६२ साली ही हकीकत छापून आली आणि मोठी चर्चा झाली. अखेर १९७२ च्या कायद्याने तेथील बहुतेक रुग्णांचा खर्च सरकारने उचलला.

गरीब देशांत अशी समिती नसते. तेथे निवड करतात पैसा आणि अंतर. डायलिसिस आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चार तास चालते. मिनिटाला अर्धा लिटर द्रावण धरले, तर एका वेळेला १२० लिटर शुद्ध पाणी लागते. शिवाय बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे वेगळेच. थायलंडने २००८ पासून घरच्या घरी, पोटातील पडद्यामार्फत करता येणारे डायलिसिस सरकारी योजनेत घेतले. भारतात २०१६ मध्ये जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला.

ही पावले मोलाची आहेत. पण प्रत्यारोपण न झाल्यास डायलिसिस जन्मभराचे असते. मधुमेह व उच्च रक्तदाब ही या आजाराची प्रमुख कारणे; आणि आजार बराच काळ लक्षणे दाखवत नाही. रक्तदाब मोजणे व लघवीतील प्रथिने तपासणे मात्र स्वस्त आणि सोपे आहे. विसरण शिकवताना आपण एवढे जरी विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोहोचवले, तरी काही जणांवर यंत्रासाठी रांगेत उभे राहण्याची वेळ येणार नाही.