कानावरच्या ओझ्याची कुळकथा

रत्नागिरीत हेडफोन घेताना आवाजाआधी गादी पाहावी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, चार महिने कपाटातल्या कपड्यांनासुद्धा दमट वास येतो आणि उरलेले बरेचसे दिवस घामाचे. अशा हवेत रेक्झिनची गादी एखाद-दुसऱ्या पावसाळ्यातच सोलवटायला लागते. तिचे काळे कपटे कानामागे, गालाला, कॉलरला चिकटतात. आतला आवाज ठणठणीत असतो, पण हेडफोन डोक्यावर चढवायची इच्छा होत नाही. घरून काम करणारी, आठ तास कानात गाणं ठेवून संगणकापुढे बसणारी पोरं आता आपल्या गावांतही दिसतात. त्यांना सतावणारा आरामाचा प्रश्न मात्र हेडफोनइतकाच जुना आहे.

या कुळाचा मूळपुरुष संगीताच्या घरात जन्मला नाही, तो कामावर जन्मला. 1882 साली मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. त्याच दशकात अमेरिकेत एझ्रा गिलिलँडने ऑपरेटरसाठी एक सरंजाम तयार केला : एका कानाशी रिसीव्हर, तोंडापुढे बोलण्याचं यंत्र आणि ते सगळं खांद्यावर पेललेलं. वजन साडेचार किलोच्या घरात! हात मोकळे झाले, पण खांदे जुंपले गेले. 1891 साली अर्नेस्ट मर्कादिए या फ्रेंच अभियंत्याने कानात बसणाऱ्या, जेमतेम पन्नास ग्रॅमच्या जोडीचं अमेरिकन पेटंट मिळवलं. कानाला घासू नये म्हणून त्याने तिला रबरी टोप्या घातल्या होत्या. आज आपण इअरफोनची सिलिकॉनची बोंडं लहान-मोठी करून पाहतो, त्यांचं मूळ इथे आहे. कानाच्या कातडीचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या या माणसाचं नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

डोक्यावरून पट्टा घेऊन दोन्ही कान झाकणाऱ्या हेडफोनचं श्रेय नॅथॅनिएल बाल्डविनला दिलं जातं. हा अमेरिकेतल्या युटाचा. भल्यामोठ्या प्रार्थनागृहात प्रवचन नीट ऐकू येईना, म्हणून तो आवाज वाढवण्याच्या खटपटीला लागला, असं सांगतात. 1910 साली त्याने जांभळ्या शाईत पत्र लिहून आपले हेडफोन अमेरिकन नौदलाकडे पाठवले. बिनतारी संदेश ऐकणाऱ्यांना ते फारच पसंत पडले. नौदलाने मोठी मागणी नोंदवली, तेव्हा बाल्डविनने कळवलं, की माल थोडाथोडा करून मिळेल. कारण कारखाना म्हणजे त्याच्या घरचं स्वयंपाकघर होतं. एकेका कानाच्या डबीत मैलभर लांबीची बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असे. तासन्‌तास पहाऱ्यावर बसणाऱ्या माणसाचं डोकं दुखू नये, म्हणून वरच्या पट्ट्याला चामड्याने मढवलेल्या दोन तारा होत्या.

गाणं या घराण्यात आलं ते मुख्यतः रेडिओमुळे. 23 जुलै 1927 रोजी मुंबई केंद्र सुरू झालं, त्या काळातला स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला वीज लागत नसे आणि आवाज मोठा करण्याची सोयही त्यात नसे, म्हणून कानाला हेडफोन लावल्यावाचून गत्यंतर नव्हतं. पुढे कर्णा असलेले रेडिओ आले आणि ऐकणं साऱ्या घराचं झालं. 1977 मध्ये रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र झालं, तोवर एकाचा रेडिओ चार घरांनी ऐकणं ही कोकणात रोजची गोष्ट होती. पेंढ्यात आंबे रचता रचता गाणी ऐकायला हेडफोन कशाला हवा? तो राहिला स्टुडिओत, निवेदकाच्या डोक्यावर.

तो पुन्हा सर्वांच्या कानावर आला वजन घटल्यावर. 1968 मध्ये सेनहायझरने एचडी 414 आणला : कान कोंडून न घेणारा, स्पंजाच्या हलक्या गाद्यांचा. 1979 मध्ये सोनीने वॉकमनबरोबर दिलेला हेडफोन तर पन्नास ग्रॅमच्याही आत होता, जेव्हा बाजारातले इतर तीन-चारशे ग्रॅमचे असत. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसांच्या सामानातून असे वॉकमन रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत आणि वाड्यांत पोहोचले.

कान झाकणारी बंद गादी आणि स्पंजाची उघडी गादी, या दोन घराण्यांतला फरक कामाच्या ठिकाणी फार जाणवतो. बंद गादी बाहेरचा आवाज अडवते, पण कानाभोवतीचा घामही अडवते. उघड्या गादीतून हवा खेळते, तंबोऱ्याची जवारी मोकळी ऐकू येते; मात्र पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की तीच जवारी बुडते आणि बोट आवाज वाढवायला जातं. गोंगाटच उलट्या लहरीने मारायचा, हा उपाय त्यावर निघाला. अमेरिकन अभियंते अमर बोस यांना तो 1978 साली झुरिकहून परतताना विमानात सुचला. वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडफोन 1989 मध्ये बाजारात आला. असा हेडफोन महाग पडला, तरी त्याची खरी कमाई कानाच्या आयुष्यात मोजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास. रोज आठ तास कामावर ऐकणाऱ्याचे पाच दिवसांत 40 तास भरतात, म्हणजे ज्यादा आवाजाला जागाच उरत नाही.

म्हणून दुकानात गेलात की हेडफोन घालून पंधरा मिनिटं तरी बसा. चष्मा असेल तर चष्म्यासकट, कारण पट्टा घट्ट असला की चष्म्याची काडी कानामागे रुतते आणि दुपारपर्यंत कपाळ धरतं. अडीचशे ग्रॅमच्या आतला मिळाला तर उत्तम. गादी कापडाची असावी, सुटी काढून वाळवता यावी. आणि दुकानदाराला एवढं नक्की विचारा, की या गाद्यांची वेगळी जोडी मिळते का. नाही म्हणाला, तर दुसरा दाखवायला सांगा.