क्रेडिट कार्डावरील बक्षीस-गुणांचा इतिहास : लाभ कोणाचा, भार कोणावर?

बीजसंज्ञा : क्रेडिट कार्ड, बक्षीस-गुण, व्यापारी शुल्क, विमान प्रवास, ग्राहकहित

प्रस्तावना

आधुनिक बँकव्यवहारात क्रेडिट कार्ड हे केवळ उधारीचे साधन राहिलेले नाही. कार्डाची निवड करताना सुशिक्षित मध्यमवर्गीय ग्राहक व्याजदरापेक्षा किती गुण मिळतात, त्या गुणांतून विमानाचे तिकीट मिळते काय, याचा विचार अधिक करताना दिसतो. हे गुण म्हणजे बँकेने ग्राहकास दिलेली भेट होय, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासाच्या कसोटीवर मात्र हा समज टिकत नाही. बक्षीस-गुण हा प्रामुख्याने व्यापाऱ्याकडून वसूल होणाऱ्या शुल्काचा परत केलेला अंश आहे. हा अंश कोणाकडून येतो, कोणास मिळतो आणि त्याचे मूल्य कोण ठरवितो, या तीन प्रश्नांचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. तिकिटांपासून कार्डापर्यंत

खरेदीवर बक्षीस देण्याची प्रथा कार्डाहून जुनी आहे. अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी स्थापन झाली. दुकानदार या कंपनीकडून हिरवी तिकिटे विकत घेत आणि खरेदीच्या प्रमाणात ती गिऱ्हाइकांना देत. गिऱ्हाईक ती वहीत चिकटवून वही भरल्यावर घरगुती वस्तू मिळवीत असे. येथे बक्षिसाचा खर्च दुकानदार सोसत असे व तो अखेरीस मालाच्या किमतीत मिसळत असे. पुढील काळातील गुण-योजनांचे बीज या व्यवस्थेत आढळते.

१९५० मध्ये न्यूयॉर्क येथे फ्रँक मॅकनमारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायनर्स क्लबची सुरुवात केली. उपाहारगृहांकडून बिलाच्या सुमारे ७ टक्के रक्कम कापून घेणे हा या व्यवसायाचा पाया होता. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे, कोणी मागणी केलेली नसताना, टपालाने घरोघर पाठविली. हीच योजना १९७६ मध्ये व्हिसा या नावाने ओळखली जाऊ लागली. या टप्प्यावर कार्डाचे आकर्षण सोय व उधारी हेच होते. बक्षिसाचा त्यात भाग नव्हता.

२. विमान कंपन्यांचे मैल

१९७८ मध्ये अमेरिकेने देशांतर्गत विमान वाहतुकीवरील भाडे व मार्ग यांचे सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा केला. स्पर्धा तीव्र झाली आणि प्रवासी टिकवून ठेवणे हा कंपन्यांपुढील मुख्य प्रश्न बनला. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने अ‍ॅडव्हांटेज योजना सुरू केली. वारंवार प्रवास करणारे प्रवासी शोधून काढण्यासाठी कंपनीला आपल्या सेबर या संगणकीय आरक्षण प्रणालीतील नोंदींचा उपयोग झाला. प्रवाशाने उडलेल्या मैलांची नोंद होई आणि ठरावीक मैलांनंतर मोफत तिकीट मिळे. काही दिवसांतच युनायटेड एअरलाइन्सनेही अशीच योजना जाहीर केली.

१९८६ मध्ये सिअर्स समूहाच्या डिस्कव्हर कार्डाने वार्षिक शुल्क न घेता खर्चाचा काही भाग रोख परत देण्यास प्रारंभ केला. १९८७ मध्ये सिटीबँकेने अ‍ॅडव्हांटेज योजनेशी जोडलेले कार्ड काढले. आता विमानात न बसताही, वाणसामान घेऊनही मैल जमू लागले. बँक विमान कंपनीकडून मैल विकत घेई व ते ग्राहकास देई. मैल ही विकाऊ वस्तू बनली. या बदलाचे आर्थिक महत्त्व करोना साथीच्या काळात स्पष्ट झाले. विमाने जमिनीवर असताना युनायटेडने २०२० मध्ये आपली मैल-योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, तर २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्याच मार्गाने १० अब्ज डॉलर उभारले.

३. गुणांचा भार

कार्डाने पैसे दिले असता व्यापाऱ्यास पूर्ण रक्कम मिळत नाही. कापल्या जाणाऱ्या शुल्काचा मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो व त्यातील काही अंश गुणांच्या रूपाने कार्डधारकास मिळतो. व्यापारी हा खर्च किमतीत मिळवितो. परंतु रोखीने खरेदी करणाऱ्यासही तीच किंमत मोजावी लागते. बोस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत रोखीने व्यवहार करणाऱ्या सरासरी कुटुंबाकडून वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांकडे जात, तर कार्ड वापरणाऱ्या कुटुंबास १,१३३ डॉलर मिळत. कार्डधारकांचे उत्पन्न सामान्यतः अधिक असल्याने हे हस्तांतरण गरिबांकडून संपन्नांकडे होते, असा या अभ्यासाचा आशय होता.

काही देशांनी या व्यवस्थेत हस्तक्षेप केला. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये बँकांमधील हे शुल्क सुमारे ०.९५ टक्क्यांवरून ०.५५ टक्क्यांच्या आसपास आणले. त्यानंतर तेथील गुणांचे मूल्य घटले. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्यांची कमाल मर्यादा लागू केली. शुल्क घटले की गुणही घटतात, हा अनुभव गुणांचा खरा उगम दाखवून देतो.

४. भारतातील वाटचाल

भारतात मुंबईस्थित सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये सेंट्रल कार्ड काढले. १९९० नंतर परदेशी बँकांनी व पुढे स्टेट बँक आणि खाजगी बँकांनी या क्षेत्रात विस्तार केला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले; क्रेडिट कार्डावरील शुल्क मात्र कायम राहिले. त्यामुळे भरघोस गुणही मुख्यत्वे क्रेडिट कार्डावरच राहिले. २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडले गेले, तेव्हा लहान व्यापाऱ्यांना २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर शुल्कातून वगळण्यात आले.

गुणांच्या अस्थिरतेचे उदाहरणही भारतात मिळते. जेट एअरवेजच्या जेटप्रिव्हिलेज योजनेशी अनेक बँकांची कार्डे जोडलेली होती. १७ एप्रिल २०१९ रोजी या कंपनीची उड्डाणे थांबली. योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्याने ती लगेच बुडाली नाही व त्याच वर्षी इंटरमाइल्स या नावाने पुढे चालली. तथापि ज्या विमानांसाठी लोकांनी मैल साठविले होते ती विमानेच उरली नाहीत. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सभासदांचे गुण नव्या योजनेत वर्ग झाले. दोन्ही प्रसंगी निर्णय सभासदाच्या हाती नव्हता.

५. व्याजाचा प्रश्न

गुणांच्या हिशेबात व्याज दुर्लक्षित राहते. भारतात थकबाकीवर दरमहा सुमारे ३ ते ३.७५ टक्के व्याज आकारले जाते. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. ५०,००० रुपयांच्या खर्चावर २ टक्के दराने १,००० रुपयांचे गुण मिळतात. तीच रक्कम ३.५ टक्के दराने एक महिना थकली तर व्याजच १,७५० रुपये होते. म्हणजे एका महिन्याची थकबाकी त्या खर्चावरील सर्व गुण गिळून टाकते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, गुणांची योजना हिरव्या तिकिटांपासून आजतागायत एकाच तत्त्वावर उभी आहे : देणारा एक, घेणारा दुसरा आणि मूल्य ठरविणारा तिसरा. त्यामुळे कार्ड निवडणाऱ्याने प्रथम दरमहा संपूर्ण बिल फेडण्याची आपली क्षमता तपासावी. ती नसल्यास कमी व्याजाचे कार्ड अधिक हिताचे, गुण गौण. क्षमता असल्यास वार्षिक शुल्क वजा जाता रुपयांत उरणारा लाभ मोजावा आणि नेहमीच्या खर्चावर मिळणारे गुणच हिशेबात धरावेत; गुणांसाठी वाढविलेला खर्च हा लाभ नव्हे. एकाच विमान कंपनीशी बांधलेल्या मैलांपेक्षा रोख परतावा अधिक स्थिर असतो, तर मैलांचे मूल्य साठविण्याने नव्हे, वेळीच वापरण्याने टिकते. वैयक्तिक निवडीपलीकडचा प्रश्न धोरणाचा आहे. कार्ड नसलेल्या ग्राहकाने, त्याच्या नकळत, कार्डधारकाच्या प्रवासाचा भार किती वाहावा, याचा निर्णय बाजारावर सोडता येत नाही, हे ऑस्ट्रेलिया व युरोपच्या अनुभवावरून स्पष्ट होते.