टीव्ही जुना कधी होतो?

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. आपली सोसायटीही जवळपास त्याच वयाची. या पंचवीस वर्षांत आपल्या घरांतली भिंत, ओटा, दार बदलले नसेल, पण टीव्ही मात्र बहुतेकांनी दोनदा-तीनदा बदलला. आता पुन्हा तोच विषय निघतो. फोर-के आलं, एचडीआर आलं, पलीकडे एट-केही तयार आहे. मग चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला टीव्ही बाद झाला काय? पेन्शनवर किंवा सोयाबीनच्या पैशांवर घर चालवणाऱ्याला हा प्रश्न लहान नाही. त्याचे उत्तर दुकानात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधलेले बरे.

टीव्हीचे चित्र आडव्या रेषांनी किंवा ठिपक्यांनी बनते. किती रेषा, किती ठिपके, रंग कसे पाठवायचे, हे आधी ठरवून घ्यावे लागते. यालाच मानक म्हणतात. इंग्लंडात बीबीसीने १९३६ मध्ये ४०५ रेषांचे प्रक्षेपण सुरू केले. १९६४ मध्ये तिथे ६२५ रेषांचे नवे चॅनल आले. पण जुने प्रक्षेपण लगेच बंद केले नाही. ते १९८५ च्या जानेवारीपर्यंत चालू होते. म्हणजे वीस वर्षे दोन्ही शेजारी-शेजारी नांदले. लोकांनी पैसे मोजून घेतलेला डबा एका रात्रीत निकामी करायचा नाही, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुणेकरांना मुंबईचा कार्यक्रम दिसू लागला. मराठवाड्यातल्या खेड्यांना मात्र पुढे बरीच वर्षे थांबावे लागले. आपण उशिरा आलो याचा एक फायदा झाला, आपल्याला थेट ६२५ रेषाच मिळाल्या.

खरी परीक्षा १९८२ साली आली. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम रंगीत झाला आणि नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ रंगात दिसले. तेव्हा देशात होते ते बहुतेक सारे संच काळे-पांढरे. ते बाद झाले का? अजिबात नाही. आपण स्वीकारलेली 'पाल' पद्धत अशी की, उजेड-अंधाराची माहिती वेगळी जाते आणि रंगाची तिच्यावर वेगळी बसवलेली असते. जुना संच पहिली माहिती घेतो, दुसरी सोडून देतो. म्हणूनच १९८७ मध्ये 'रामायण' आणि १९८८ मध्ये 'महाभारत' सुरू झाले तेव्हा रंगीत संच असलेल्या घरी रंगात दिसले, आणि ज्याच्या घरी शटरवाला काळा-पांढरा डबा त्यालाही दिसले. राम तोच, रावण तोच. पाइपावरचा अँटिना फिरवून "आलं का? आलं का?" हे ओरडणे दोघांनाही सारखेच होते!

दुसरी परीक्षा केबलची. केबल डिजिटल करण्याचा कायदा २०११ मध्ये झाला आणि २०१२ पासून महानगरांतून सुरुवात होऊन २०१७ पर्यंत ग्रामीण भागाची पाळी आली. इथे जुना संच थेट चालेना. पण मध्ये एक सेट-टॉप बॉक्स बसवला की तोच फुगीर काचेचा टीव्ही पुन्हा बोलू लागला. खर्च आला तो डब्याचा, टीव्हीचा नाही.

आता फोर-केकडे येऊ. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, फोर-केत ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे बरोबर चौपट. हे मानक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१२ मध्ये ठरवले, आणि उजळ भाग अधिक उजळ, काळोख अधिक गडद दाखवणाऱ्या एचडीआरचे २०१६ मध्ये. गंमत बघा, बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने एचडीआरची एक पद्धत मिळून बनवली, तिचा हेतूच असा की साध्या पडद्यावरही चित्र नीट दिसावे. १९८२ चीच जुनी युक्ती!

मग फसले कोण? तर सुरुवातीला घाई करणारे. पहिल्या काही फोर-के संचांची एचडीएमआय जोडणी सेकंदाला तीसच चित्रे घेई. क्रिकेटसारख्या वेगवान खेळाला साठ चांगली. ती सोय देणारी पुढची आवृत्ती २०१३ च्या सप्टेंबरात आली. शिवाय कॉपी रोखणारे नवे कुलूप आले, आणि ज्या संचात त्याची किल्ली नव्हती त्यावर बाहेरच्या डब्यातून येणारे संरक्षित फोर-के चित्र उमटेना. पडदा उत्तम, पण दार बंद. अलीकडे तिसरे कारण भेटते, ते ॲपचे. २०१९ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने काही जुन्या स्मार्ट टीव्हींवरून आपली सेवा काढून घेतली. तिथेही एचडीएमआयमध्ये छोटी काडी लावली की काम भागते.

आता डोळ्यांचा हिशेब. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढे अंतर वेगळे ओळखता येते. त्यावरून गणित केले तर ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडून दिसत नाहीत. ५५ इंचीचे सात-सव्वासात फुटांपलीकडून. आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीपासून नऊ-दहा फूट. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या आम्हा मंडळींचे तर बोलायलाच नको! एचडीआरचा उजेड लांबूनही जाणवतो, ते खरे. पण तो स्वस्त फोर-के पडद्यावर पुरेसा उमटतोच असे नाही. आणि पहाटे आषाढीची महापूजा पंढरपुराहून दाखवतात, ती ज्या दर्जाने पाठवली जाते त्यापेक्षा जास्त बारकावा कोणताही टीव्ही आणू शकत नाही.

बँकेत आम्ही यंत्राचा घसारा दरवर्षी लिहायचो, पण घसारा लिहिला म्हणून चालू यंत्र कुणी भंगारात काढत नसे. टीव्हीचेही तसेच. नवे मानक आले म्हणून तो जुना होत नाही. प्रक्षेपण, जोडणी किंवा ॲप यांपैकी एक दार बंद झाले आणि ते वीस-पंचवीसशे रुपयांच्या डब्याने उघडेना, तेव्हा तो जुना. त्याआधी हप्त्यावर नवा घेणे म्हणजे दुकानदाराची दिवाळी.

आणि खरोखर बदलायची वेळ आलीच, तर जुना टीव्ही नालीकाठी टाकू नका. फुगीर काचेच्या संचात शिसे असते. ते कयाधूच्या पाण्यात जाऊ नये, यासाठी सोसायटीने वर्षातून एकदा सगळा ई-कचरा गोळा करून अधिकृत संकलन केंद्राकडे पाठवावा, अशी या वर्षानिमित्त माझी सूचना आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय घ्यावा.