एकच पत्ता, दोन पहारेकरी

#धागा

नगरच्या भुईकोटाचा विषय निघाला की चांदबिबीची ती रात्र आठवतेच. फेब्रुवारी १५९६ मध्ये शहजादा मुरादच्या सैन्याने पेरलेला एक सुरुंग उडाला आणि तटाला खिंडार पडले. दिवसभर ते लढून राखले गेले आणि रातोरात बुजवले गेले. वऱ्हाड देऊन तह झाला तो त्यानंतर.

तट नवा, पण जागा तीच, आणि शत्रू समोर. गेल्या महिन्यात आमच्या विभागाची फायरवॉल बदलताना ही अडचण मला नव्याने समजली. मोडी कागदांच्या छायाप्रती असलेला संगणक बाहेरगावचे अभ्यासक याच वाटेने पाहतात. जुने यंत्र वारंवार बंद पडू लागले होते. सार्वजनिक आयपी पत्ता मात्र एकच. तो एका वेळी दोन यंत्रांना देता येत नाही. म्हणजे जुने चालू ठेवून नव्याची खरी परीक्षा घेण्याची सोय नाही.

एकच का? याचे उत्तर १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी ठरलेल्या आयपी मानकात पत्ता ३२ बिटांचा धरला. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ते अमाप वाटले असावेत. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्याच्या आदल्याच वर्षी टंचाईवर ‘नॅट’ ही तोड मांडली गेली होती: आत कितीही संगणक असोत, बाहेर सर्वांचा पत्ता एक. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटले गेले. आपण उशिरा आलेले. आपल्या वाट्याला एकेक पत्ता.

(इतिहासवाल्याने यात का पडावे? विभागात ‘संगणक कळणारा’ म्हणून माझे नाव लागले आहे, इतकेच.)

नवे यंत्र आधी आतल्या बाजूला, तात्पुरत्या खासगी पत्त्यावर मांडले. जुन्यातील नियम एकेक करून उतरवले. कोणते दार आतल्या कोणत्या संगणकाकडे उघडते, तेही. वापरात नसलेले चार नियम तेव्हाच गळाले. मग मध्यरात्री जुन्याची तार काढून नव्यात लावली, पत्ता दिला.

वीस मिनिटे काहीच उघडेना. नियम पुन्हा तपासले, चूक सापडेना. दोष तिथे नव्हताच. पुरवठादाराच्या राउटरला त्या पत्त्यापुढे जुन्याच यंत्राचा मॅक क्रमांक आठवत होता, आणि तो सारी टपाल उठून गेलेल्या पहारेकऱ्याच्या नावे पाठवत होता. काही उपकरणांत ही आठवण चार तास टिकते. आमच्या खोलीतला तो राउटर बंद करून पुन्हा चालू केला.

पावणेदोनला मोबाइलच्या नेटवरून दप्तराचे पान उघडले. जुने यंत्र कपाटात आहे. त्यातील मांडणी अजून पुसलेली नाही.