चाकांवरच्या घरातले गॅस आणि धुराचे अलार्म

मोटरहोममध्ये स्वयंपाकाची शेगडी, झोपायचा पलंग, इंजिन आणि गॅसचे सिलिंडर हे सगळे काही चौरस मीटरच्या एकाच पत्र्याच्या खोलीत नांदते. घरात गॅस गळला तर त्याला पसरायला चार खोल्या असतात. इथे तीच गळती काही मिनिटांत धोक्याच्या पातळीला पोहोचते. अशा जागेत जीव जाण्याची मुख्य कारणे तीन: गळलेल्या गॅसचा स्फोट, अर्धवट ज्वलनातून होणारी कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा आणि आगीचा धूर. तिन्हींसाठी वेगळे सेन्सर लागतात. त्यांतला एकही मुळात वाहनासाठी शोधलेला नाही. ते कोळशाच्या खाणीतून, कारखान्यातून आणि जपानी स्वयंपाकघरातून इथवर आले. या साऱ्या वाटचालीत धोका ओळखणे तसे लवकर जमले. धोका नसताना गप्प राहणारे उपकरण घडवायला मात्र फार वेळ लागला.

यांतली सर्वांत जुनी परंपरा खाणीतली. २५ मे १८१२ रोजी इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील फेलिंग येथील खाणीत मिथेनचा स्फोट होऊन ९२ कामगार दगावले. त्यानंतर सुरक्षित दिव्याचा शोध जोरात सुरू झाला. विल्यम क्लॅनी, जॉर्ज स्टीफन्सन आणि हम्फ्री डेव्ही या तिघांनी जवळपास एकाच काळात आपापले दिवे तयार केले. १८१५ च्या डेव्हीच्या दिव्यात ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती. जाळी उष्णता शोषून घेई आणि आतली ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नसे. दिवा उजेडासाठी होता, पण त्याचा दुसरा उपयोग लगेच लक्षात आला. हवेत मिथेन असला की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसे, आणि तिच्या उंचीवरून जाणता माणूस वायूचे प्रमाण सांगे. हवेत प्राणवायू कमी झाला तर ज्योत मंदावे. वायू ओळखणारे पहिले व्यवहारी साधन म्हणता येईल ते हेच. त्याची मर्यादा अशी की दिव्याकडे कोणीतरी पाहत राहावे लागे. शिवाय दिवा हाती आल्यावर पूर्वी धोकादायक म्हणून सोडून दिलेल्या थरांतही मालकांनी खोदकाम सुरू केले, त्यामुळे अपघात अपेक्षेइतके घटले नाहीत. सुरक्षेचे साधन आल्यावर माणूस जास्त जोखीम घेतो, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

कार्बन मोनॉक्साइडपुढे हा दिवा निरुपयोगी होता. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला मारायला पुरेसे प्रमाण ज्योतीवर दिसतही नाही. स्फोटात मेलेल्यांपैकी बरेच जण भाजून नव्हे तर या वायूने मेले, हे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९६ च्या अहवालात दाखवले. त्याआधी त्यांनी स्वतः हा वायू हुंगून रक्तावर होणारा परिणाम मोजला होता. लहान, उष्ण रक्ताच्या प्राण्यांचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने विषाचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी दिसतो. म्हणून त्यांनी उंदीर आणि नंतर कॅनरी पक्षी खाणीत नेण्याचा सल्ला दिला. बचाव पथकांकडचे काही पिंजरे तर बंद करता येत आणि त्यांना प्राणवायूची छोटी बाटली जोडलेली असे, म्हणजे बेशुद्ध पडलेला पक्षी पुन्हा शुद्धीवर आणता येई. ब्रिटनमध्ये हे पक्षी बंद करून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणण्याची घोषणा झाली ती १९८६ मध्ये.

अमेरिकेत मोनोंगा येथील १९०७ च्या खाणदुर्घटनेत ३६० हून अधिक माणसे गेली. तीन वर्षांनी ब्यूरो ऑफ माइन्स हे सरकारी खाते स्थापन झाले आणि कॅनरीचा प्रसार त्यानेही केला. मोटरहोमच्या दृष्टीने मात्र या खात्याचे महत्त्व वेगळेच आहे. पेट्रोलचा काही भाग वाटेतच उडून जातो अशी तक्रार आली तेव्हा तिथले रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी १९१० च्या सुमारास उडणारे ते घटक वेगळे केले. प्रोपेन आणि ब्यूटेन दाबाखाली द्रवरूपात साठवता येतात, हे त्यातून पुढे आले. सिलिंडरमध्ये भरून कुठेही नेता येणारे इंधन, म्हणजेच एलपी गॅस, मिळाले. मुंबईत हाच गॅस बर्मा-शेलने १९५५ मध्ये ‘बर्शेन’ नावाने आणला.

गॅस येण्यापूर्वी प्रवासी गाड्यांमध्ये रॉकेलच्या शेगड्या चालत. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘वाँडरर’ ही घोड्यांची गाडी बनवून घेतली. हौसेखातर केलेल्या कॅरव्हॅन प्रवासाची सुरुवात तिच्यापासून मानली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा गाड्यांत गॅस आला आणि एकेक करून सगळे त्याच्यावर चालू लागले. शेगडी तर आलीच, शिवाय दिवे, पाण्याचा गीझर, हीटर आणि फ्रिजही. स्वीडनच्या प्लाटेन आणि मुंटर्स यांनी १९२० च्या दशकात बनवलेला शोषण-तत्त्वावरचा फ्रिज एका लहानशा ज्योतीवर, कंप्रेसरशिवाय चाले. वीज नसलेल्या गाडीसाठी तो सोयीचा ठरला, पण त्यामुळे माणसे झोपली असतानाही गाडीत कुठेतरी ज्योत पेटलेली राहू लागली. जर्मनीत १९४९ मध्ये सुरू झालेल्या ट्रुमा कंपनीने आधी गॅसचे दिवे आणि पुढे कॅरव्हॅनचे हीटर बनवले. अमेरिकेत विनेबागो कंपनीने १९६६ पासून कारखान्यात साखळी पद्धतीने मोटरहोम तयार करायला घेतली आणि ही गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

गळती ओळखायला तेव्हा एकच साधन होते, ते म्हणजे नाक. शुद्ध प्रोपेनला वास नसतो, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. वास घालण्याची कल्पना जर्मनीत एकोणिसाव्या शतकातच आली होती. पण तिला कायद्याचे बळ मिळाले ते १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत झालेल्या स्फोटानंतर. तळघराच्या पोकळीत साचलेला वास नसलेला नैसर्गिक वायू एका विजेच्या यंत्राच्या ठिणगीने पेटला आणि सुमारे ३०० मुले व शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास घालणे सक्तीचे केले. हा उपाय स्वस्त आणि आजही सर्वांत उपयोगी आहे. तरी तो पुरेसा नाही, कारण झोपलेल्या माणसाला वास जागे करतोच असे नाही, आणि सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते. त्यात प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्यूटेन दुप्पट. गॅस जमिनीलगत साचतो तेव्हा पलंगावरच्या नाकापर्यंत तो उशिरा पोहोचतो. प्रोपेन पेटायला हवेत फक्त २.१ टक्के प्रमाण पुरते.

या अडचणीवर स्वस्त तोडगा जपानमध्ये निघाला. युद्धोत्तर काळात तिथे घरोघर सिलिंडर गेले आणि स्फोटही वाढले. नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या अर्धवाहक गुणावर आधारलेल्या सेन्सरसाठी १९६२ मध्ये पेटंट मागितले, आणि तो बनवणारी फिगारो कंपनी १९६९ मध्ये उभी राहिली. तापवलेल्या टिन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर प्राणवायू चिकटून बसतो आणि त्याचा विद्युतरोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की हा प्राणवायू वापरला जातो, रोध घसरतो आणि घंटा वाजते. सेन्सर साधा आणि वर्षानुवर्षे चालणारा, पण निवड न करणारा. केसांचा स्प्रे, स्पिरिट, रंगाचा थिनर, नव्या फर्निचरच्या गोंदाची वाफ, सगळ्यांना तो गॅसच समजतो. त्याला सतत तापलेले ठेवावे लागत असल्याने तो गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीतून रात्रंदिवस वीज खातो. म्हणून हा डिटेक्टर सहसा थेट गाडीच्या वायरिंगला जोडलेला असतो, आणि बॅटरी उतरली की गळती नसतानाही किरकिरतो.

धुराच्या सेन्सरचा जन्म अपघातानेच झाला. स्वित्झर्लंडमध्ये १९३० च्या दशकात वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे यंत्र बनवत होते. विद्युतभारित कणांच्या (आयनांच्या) प्रवाहात वायू शिरला की प्रवाह बदलेल असा त्यांचा अंदाज होता. वायूने काही झाले नाही. निराश होऊन त्यांनी सिगारेट पेटवली आणि काटा हलला, अशी हकीकत सांगतात. त्यांचे सहकारी अर्न्स्ट मैली यांनी त्यावरून वापरण्याजोगे उपकरण तयार केले आणि ‘सेर्बेरुस’ कंपनीने ते हॉटेल, गोदामे व कारखान्यांना विकले. घराला परवडेल असे ते नव्हते. अमेरिकेत ड्वेन पीअरसॉल यांच्या कारखान्यात १९६३ च्या सुमारास असाच प्रसंग घडला. स्थिर विद्युत घालवणाऱ्या यंत्राचे काम चालू असताना एका तंत्रज्ञाच्या सिगारेटच्या धुराने मीटरचा काटा सरकला. पीअरसॉल आणि स्टॅनली पीटरसन यांनी १९६५ मध्ये बॅटरीवर चालणारा धूरदर्शक बनवला आणि १९७५ पासून तो मोठ्या प्रमाणावर बाजारात आला. बॅटरी ही बाब किरकोळ वाटते, पण विजेच्या खांबापासून दूर उभ्या असलेल्या गाडीत हे उपकरण लावता आले ते तिच्यामुळेच.

या यंत्रात अमेरिशियम-२४१ हे किरणोत्सर्गी द्रव्य असते, साधारण एक मायक्रोक्युरी. १९६९ मध्ये अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने घरमालकांना ते परवान्याशिवाय ठेवायला मुभा दिली. दुसरा प्रकार प्रकाशाचा: धुराच्या कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपणारा. डोनाल्ड स्टील आणि रॉबर्ट एनमार्क यांनी १९७२ मध्ये तो घरगुती वापरासाठी पुढे आणला. आयनवाला सेन्सर धगधगत्या आगीला लवकर ओळखतो, तर प्रकाशवाला गादी किंवा वायर धुमसत असेल तेव्हा उपयोगी पडतो. मोटरहोममध्ये शेगडी आणि पलंग यांत दोन-तीन पावलांचे अंतर असते. आयनवाला सेन्सर तिथे ब्रेड भाजतानाही ओरडतो आणि मग मालक त्याची बॅटरी काढून ठेवतो. अशा गाडीसाठी प्रकाशवाला सेन्सर निवडणेच शहाणपणाचे.

गरज नसताना वाजणारा अलार्म केवढा महागात पडतो, हे कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मनेही दाखवले. सप्टेंबर १९९४ मध्ये टेनिसपटू व्हायटस गेरुलायटिस न्यूयॉर्कजवळ या वायूने मरण पावला आणि विषय घरोघर पोहोचला. शिकागो शहराने त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून घरांत असे अलार्म सक्तीचे केले. डिसेंबरमध्ये थंड हवेचा थर शहरावर अडकून राहिला, वाहनांचा धूर वर जाईना, आणि एकाच वेळी हजारो घरांतले अलार्म वाजू लागले. अग्निशमन दलाचे फोन अखंड खणखणत राहिले. सेन्सरने चूक केली नव्हती. हवेत वायू होताच, फक्त तो जीवघेणा नव्हता. ‘लांडगा आला रे’ ही हाळी रोज ऐकू आली तर तिसऱ्या दिवशी दार कोणी उघडत नाही, हे ओळखून अंडररायटर्स लॅबोरेटरीज या अमेरिकी चाचणी संस्थेने आपले यूएल २०३४ हे मानक बदलले. त्यानुसार ३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३० भाग) प्रमाणात अलार्म ३० दिवस गप्प राहिला पाहिजे. ७० पीपीएमला तो एक ते चार तासांत, १५० ला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत वाजलाच पाहिजे. प्रमाणासोबत काळही मोजायचा, कारण रक्तात विष साचायला वेळ लागतो. हाल्डेन यांनी त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी तेच मांडले होते.

घरासाठी बनलेला अलार्म गाडीत जसाच्या तसा चालत नाही, हे हळूहळू पटले. रस्त्याचे हादरे, उन्हात तापलेले छत, हिवाळ्यात गोठलेली रिकामी गाडी, कमीजास्त व्होल्टेज या सगळ्यांची चाचणी वेगळी करावी लागते. अमेरिकेत मोटरहोमसाठीचे एनएफपीए ११९२ हे मानक धूर, एलपी गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या अलार्मची अट घालते. युरोपात कार्बन मोनॉक्साइडसाठी ईएन ५०२९१ आणि गॅससाठी ईएन ५०१९४ या मानकांचे दुसरे भाग खास अशा वाहनांसाठी व नौकांसाठी आहेत. खरेदी करताना उपकरणावर हाच खास उल्लेख शोधावा लागतो. युरोपने आणखी एक गोष्ट केली: हीटरचा ज्वलनकक्ष गाडीच्या हवेपासून पूर्ण वेगळा ठेवायला लावला. ज्वलनासाठी हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत अलार्मपेक्षा या बंद कक्षाने जास्त जीव वाचवले असावेत.

जागाही त्या-त्या वायूच्या स्वभावावरून ठरते. एलपी गॅस जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर, शेगडी आणि फ्रिजच्या जवळपास, पण पडद्यामागे किंवा कपाटात नव्हे. गाडीच्या तळाला उघडे झरोके असतात ते त्याच कारणासाठी. थंडी वाजते म्हणून ते बंद करणे घातक. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका असतो आणि खोलीभर मिसळतो, म्हणून त्याचा अलार्म झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर बसवतात. धुराचा छतावर, कोपऱ्यापासून जरा दूर. लेड-ॲसिड बॅटरी जास्त चार्ज झाली की तिच्यातून निघणारा हायड्रोजन कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरला फसवतो, त्यामुळे पलंगाखालच्या बॅटरीपासूनही अंतर राखावे लागते. आणि गाडीबाहेर विझत आलेली कोळशाची शेगडी रात्री आत ओढून घेतली, तर याच अलार्मवर जीव अवलंबून असतो.

युरोपच्या बाजारात एका चौथ्या धोक्यासाठीही उपकरणे विकली जातात. चोर खिडकीतून गुंगीचा वायू सोडतात आणि झोपलेल्यांना लुटतात, ही कथा तिथल्या प्रवाशांत वर्षानुवर्षे फिरते आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ॲनेस्थेटिस्ट्सने ती शक्यता फेटाळली आहे, कारण एवढ्या जागेत कोणाला न कळता, कोणालाही न मारता गुंगी आणण्याइतका वायू सोडणे भूलतज्ज्ञालाही जमणार नाही. तरी गुंगीच्या वायूसह तीन वायू ओळखणारे डिटेक्टर खपतात. त्यांतला एलपी गॅसचा भाग तरी कामाचा असतो.

सेन्सरला आयुष्य असते, हे मात्र ग्राहकांच्या पचनी सर्वांत उशिरा पडले. अमेरिशियमचे अर्धायुष्य ४३२ वर्षे असले तरी धूळ आणि इलेक्ट्रॉनिक भागांमुळे धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा असतो. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म सहसा पाच ते सात वर्षे टिकतात, काही नवे दहा. चाचणीचे बटण दाबल्यावर घंटा आणि सर्किट चालते एवढेच कळते. सेन्सरला अजून वायू कळतो की नाही, ते कळत नाही. त्यामुळे नव्या उपकरणांत मुदत संपल्याची किरकिर आत बसवलेली असते, आणि जुने मोटरहोम विकत घेणाऱ्याला तिन्ही अलार्म उतरवून त्यांच्या पाठीवर छापलेली तारीख वाचावी लागते.