शब्दवेध : पाखंड

मुकुंदवाडीतल्या एखाद्या ख्रिस्ती घरातला मुलगा भलत्याच प्रचारकाच्या नादी लागला, तर त्याला ‘पाखंडी’ म्हणण्याआधी या शब्दाचा प्रवास पाहावा. अशोकाच्या गिरनारच्या बाराव्या लेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ. सगळ्याच पासंडांचा मान राखा, असं तो सांगतो. पुढे संस्कृत ‘पाषंड’ला आधी वेदबाह्यतेचा आणि मग ढोंगाचा अर्थ चिकटला. ग्रीक ‘हायरेसिस’चंही तेच झालं. मूळ अर्थ निवड, मग पंथ (नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत सदूकी आणि परूशी या यहुदी पंथांसाठी हाच शब्द आहे) आणि शेवटी खोटी शिकवण. मग सगळ्या शिकवणी सारख्याच का? मुळीच नाही. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने एरियस या धर्मगुरूचं मत नाकारलं, ते ख्रिस्त निर्माण केलेला आहे का, या नेमक्या प्रश्नावर.

फसलेल्याशी सौम्यपणे वागलं तर चूक पसरते, हा आक्षेप वजनदार आहे. पण नव्या करारातलं यहूदाचं पत्र खोट्या शिक्षकांवर तुटून पडतं आणि डळमळणाऱ्यांवर मात्र दया करायला सांगतं. फसलेल्याबरोबर बसून, प्रेषितांच्या कृत्यांतल्या बिरुयाकरांसारखं, ऐकलेलं शास्त्रात पडताळायला हवं. त्याला पाखंडी ठरवून मंडळीबाहेर लोटलं, तर तो पुन्हा त्या प्रचारकाकडेच जाईल.